‘डी’ म्हणजे पळालेला

“मूळचं आडनाव काय हो तुमचं?”

सरांनी हे जहाजाच्या तळाशी विचारलं. तीसेक मराठी माणसांसमोर. सर इथे आयर्लंडमध्ये, शॅनन गावच्या कंपनीत माझे वरिष्ठ, शिवाय मराठी मंडळाचे अध्यक्ष. सहलीलाही शाल पांघरून येतात. माझ्या वडिलांनी गावावरून आडनाव घेतलं. का घेतलं, हे सरांना ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं.

“हेच,” मी म्हटलं.

मंडळींच्या भारतातून आलेल्या आईवडिलांना गाइडचं आयरिश इंग्रजी कळेना, म्हणून मला दुभाषी केलेलं. जहाज शिडाचं. आधी लाकूड वाहायचं, मग लष्करी कैदी. पहाऱ्यावर झोपलेले, साहेबाला उलटून बोललेले, पलटण सोडून पळालेले. मूळ जहाज कधीच मोडीत निघालं. ही प्रतिकृती, वर बार असलेली. कैद्यांचा अनुभव यावा म्हणून गाइडनं डोक्यावरची झडप लावली. मान ताठ करायलाही जागा उरली नाही.

पळालेल्या शिपायाच्या काखेखाली सुयांनी ‘डेझर्टर’चा ‘डी’ गोंदायचे, गाइड म्हणाला. कुठेही गेला तरी ओळखू यावा. मी ते मराठीत सांगितलं.

“आपल्याकडे गोंदायची गरज नव्हती,” सर म्हणाले. “आडनाव पुरायचं.”

सगळे हसले. मीही. माझं वर्क परमिट वाढवायच्या अर्जाला सरांची शिफारस लागणार होती.

गाइडनं मला विचारलं, काय विनोद झाला? सर पुटपुटले, “जहाज ग्रँड आहे म्हणावं.”

चार वर्षं ऑफिसात मी हेच करत होते. त्यांचं बोलणं घासूनपुसून पुढे द्यायचं. या वेळी शब्दाला शब्द ठेवला. आडनावावरून आमच्यात काय ओळखतात, तेही सांगितलं.

गाइड सरांकडे बोट करून म्हणाला, “युअर मॅन सेड दॅट?”

इथे ‘युअर मॅन’ म्हणजे नुसता ‘तो इसम’. पण शेजारच्या काकू दचकल्या. “सरांना तुझा माणूस म्हणतोय का गं तो?”

“नाही काकू. माझे नाहीत ते.”

कोणी हसलं नाही. सर शाल सावरत म्हणाले, “परमिट पुढच्या महिन्यात ना तुमचं?”

“हो,” मी म्हटलं. “आणि आजचं बोलणं मी एचआरला लेखी देणार आहे. दोन्ही भाषांत.”

झडप अजून बंदच होती. परमिट राहील किंवा जाईल. त्यांचं बोलणं मी यापुढे घासूनपुसून देणार नाही.