चूक आहे, पण कुणाची?

पोथी सोडण्याआधी बाई साबणाने हात धुवायच्या, रुमालाला पुसायच्या आणि उजवा हात सरळ माझ्या नाकाखाली आणायच्या.

"वास येतोय का गो?"

"येतोय, बाई. बांगड्याचा."

"शी! पुन्हा धुते."

आणि पुन्हा नळाकडे. बाईंना मासे रोज हवेत आणि पोथ्याही रोज हव्यात, त्यामुळे कॉलेजच्या वाचनालयाचा साबण कधी टिकला नाही. शिपाई कुरकुरला की बाई म्हणायच्या, "पोथीला मांजर लागण्यापेक्षा साबण लागलेला बरा."

तुमच्यापैकी कुणी त्या काळी रत्नागिरीत राहिलं असेल, तर बाईंना पाहिलं असणारच. ठेंगणी मूर्ती, सुती पातळ, काखेत बारा महिने छत्री, आणि आवाज असा की वर्गात हजेरी घेतली तर बाहेर सायकल लावणारा मुलगाही 'हजर' म्हणायचा. कॉलेजात त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "माझ्या घरी चारशे वर्षांची माणसं राहायला आहेत, नवऱ्याला कुठे निजवू?"

त्या निवृत्त झाल्या आणि तेव्हाच कॉलेजात कॉम्प्युटर आला. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. देवनागरी उमटवणारं कार्ड घातलेलं ते यंत्र बघायला माणसं यायची, जशी नवी सून बघायला येतात तशी. मुंबईला सहा महिने राहून मी टायपिंग आणि थोडं कॉम्प्युटरचं शिकून आले होते, म्हणून माझी तिथे वर्णी लागली. काम असं होतं की गावोगावच्या जुन्या हस्तलिखित पोथ्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या, म्हणजे एका ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती समोरासमोर ताडून बघता येतील. बाईंनी वाचायचं, मी टाइप करायचं.

पहिल्या दिवशी खोलीच्या दाराशी बाईंना चपला काढायला सांगितल्या. धूळ चालत नसे यंत्राला. बाईंनी आत डोकावून पाहिलं. गारवा, अंधारलेली खोली, मधोमध ते एकटं यंत्र.

"चपला बाहेर, आत गारवा आणि एकच मूर्ती. अगो, हे देऊळच की!" असं म्हणून त्यांनी खरंच हात जोडले.

जुन्या पोथीत शब्द तोडलेले नसतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. सगळी अक्षरं एकमेकांना चिकटून एका रांगेत चालतात. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. एकदा बाई म्हणाल्या, "हे पान तूच वाचून घाल, बघू तरी." पोथीत होतं 'म्हणेतोराजा'. मी ऐटीत टाइप केलं, 'म्हणे तोरा जा'.

बाई पडद्याकडे बघत राहिल्या आणि मग जे हसत सुटल्या! "अगो, 'म्हणे तो राजा' आहे ते! राजाचा तोराच घालवलास की!" पुढे कित्येक दिवस मी जरा तोऱ्यात बोलले की त्या हात हलवून म्हणायच्या, "तोरा, जा."

पण एका बाबतीत हसणं नाही. जुन्या लेखकाने 'पाणि' ऱ्हस्व लिहिलं होतं, ते मी दीर्घ केलं. बाईंच्या ते लक्षात आलं.

"का बदललंस?"

"चूक होती, बाई."

"चूक आहे, पण कुणाची?" त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की समजावं, आता आपली धडगत नाही. "कवीची? नकलून काढणाऱ्याची? वाळवीने खाल्लं म्हणून तसं दिसतंय? मी वाचताना चुकले? की तू ऐकताना? कुणाची ते कळेपर्यंत चुकीला हात लावायचा नाही. चुकीवरून तर माणूस ओळखायचा, गो. बरोबर काय, सगळेच सारखं लिहितात."

तेव्हापासून दिवसातून चारदा तरी तो प्रश्न यायचा. भाजीवाली हिशेबात चुकली, एसटी उशिरा आली, वीज गेली आणि सकाळभरचं काम पुसलं गेलं, तरी बाईंचं आपलं तेच. "चूक आहे, पण कुणाची?"

माझी मात्र एक चूक त्यांना फार आवडली. त्या वाचत होत्या, मी कानाने ऐकत खाली मान घालून बोटं चालवत होते. संध्याकाळी कागदावर छापून काढलं तर ऋषी राजाला उपदेश करताहेत आणि मधेच, 'चहा निवला बघ गो'. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी तो कागद घडी करून पर्समध्येच ठेवला. म्हणाल्या, "जुन्या पोथ्यांतून हेच झालंय. कुणीतरी कुणालातरी काहीतरी बोललं, ते आत शिरलं, आणि आपण त्यावर प्रबंध लिहितो."

केलेलं काम ज्यात साठवायचो त्या फ्लॉप्यांना आपल्याकडच्या पावसाळ्यात बुरशी यायची. बाईंनी त्यावर पोथीचाच उपाय काढला. सगळ्या फ्लॉप्या तांबड्या कापडात बांधल्या आणि आत वेखंडाची पुरचुंडी ठेवली. पुण्याहून आलेला इंजिनियर ते गाठोडं बघून गारच झाला. बाई त्याला म्हणाल्या, "तुम्ही वास घ्या आणि गप्प बसा. कीड लागली तर मला विचारा." नाही लागली, खरंच.

अशात पावसची पोथी आली. जवळच्या पावस गावी आंब्याची बाग असलेल्या एका वयस्कर गृहस्थांच्या देवघरात ही पोथी होती. कवीचं नाव नाही, दुसरी प्रत कुठेही नाही. समुद्राकाठच्या एका देवाची ओवीबद्ध कथा. वाळवी लागून तिची पानं झडत चालली होती, आणि खंडित पोथी घरात ठेवू नये म्हणून त्यांनी ठरवलं होतं, या भाद्रपदात गणपतीबरोबर तिचं विसर्जन करायचं.

बाई काकुळतीला आल्या. "अहो, विसर्जन कसलं करता? आम्हाला द्या!"

"बाई, देवापुढे शब्द दिलाय हो. आता कसा फिरवू?" ते गृहस्थ दुष्ट नव्हते, त्यांनाही वाईटच वाटत होतं. फोटो काढायला किंवा झेरॉक्सच्या यंत्रावर पालथी घालायलाही ते तयार होईनात. पण म्हणाले, "वाचायला न्या. पोथी वाचायलाच असते. विसर्जनाला तेवढी परत आणा."

मग आमची घाई सुरू झाली. नेहमी आम्ही छापील कागद पोथीशी ताडून मगच पुढे जात असू. आता ठरलं, आधी सगळं उतरवायचं, ताडणं वेळ उरला तर. त्या पोथीची जगात एकच प्रत, आणि ती समुद्रात जाणार. जे आमच्याकडून सुटेल ते कायमचं सुटेल.

त्याच दिवसांत बाई खुर्ची खिडकीकडे सरकवू लागल्या. आज थोडी, उद्या थोडी. मग भिंग आलं. मग पान नाकाशी. ओळीखाली बोट धरायच्या आणि बोट उचललं की ओळ हरवायची.

"बाई, डोळे दाखवा."

"उजेड मेला कमी आहे या खोलीत."

"उजेड आहे तेवढाच आहे. चूक आहे, पण कुणाची?"

मी हे बोलले आणि जीभ चावली. बाई रागावल्या नाहीत. काचबिंदू होता, त्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी मिरजेला तातडीने जायला सांगितलं होतं. "जाईन गो. गणपती जाऊ देत." मी भांडले, रडले, एक दिवस कामावरच आले नाही. तर बाई छत्री टेकत माझ्या घरी हजर! आमच्या आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी म्हणजे माझा हात आहे. हात घरी ठेवून मी कामाला कशी जाऊ?" आईनेच मला बाहेर काढलं.

विसर्जनाच्या सकाळी शेवटची ओवी झाली. खाली नकलणाऱ्याने सगळेच लिहितात तसं लिहिलं होतं, की पाठ मोडली, मान वाकली, जसं दिसलं तसं लिहिलं, मला दोष देऊ नये. बाईंनी ते वाचलं आणि पान खाली ठेवलं. "बिचारा," एवढंच म्हणाल्या. ताडून बघायला वेळ नव्हताच. आम्ही पोथी तांबड्या कापडात बांधून पावसची एसटी धरली.

संध्याकाळी आरत्या झाल्या. त्या गृहस्थांनी पोथी बाईंच्या हातात दिली, म्हणाले, "तुम्हीच नमस्कार करा आधी." बाईंनी ती छातीशी धरली, मग दिली. गणपतीमागून ती पाण्यात गेली. तांबडं कापड लाटेवर जरा वेळ दिसत होतं.

बाई माझा दंड धरून उभ्या होत्या, तोंड समुद्राकडे. थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या,

"गेली का गो?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या कलत्या उजेडात त्यांना काहीच दिसत नव्हतं.

"हो बाई, गेली," मी म्हटलं आणि मला रडू फुटलं. बाईच मला थोपटत राहिल्या.

मिरजेला ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. मग त्या भावाकडे पुण्याला गेल्या. अधूनमधून फोन यायचा. ताज्या बांगड्याची चौकशी आधी, माझी नंतर. पोथी छापून येण्याआधीच त्या गेल्या.

पुढे काही वर्षांनी ग्रंथ छापायला निघाला तेव्हा प्रुफं माझ्यासमोर आली. पुण्याचे संपादक पेन्सिल घेऊन शेजारी बसले होते. शेवटच्या पानांत एका ठिकाणी ते थांबले. 'मग नाव लोटिली पाण्यांत । बैसले अवघे समस्त', आणि खाली पुन्हा तीच ओळ, जशीच्या तशी.

"ही दोनदा पडलीय. काढून टाकतो एक."

"हात लावू नका," मी म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं, की ते दचकलेच.

"अहो, पण उघड चूक आहे ही."

"आहे ना."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि सहज, काही ठाऊक नसताना विचारलं, "चूक आहे, पण कुणाची?"

कुणाची सांगणार? चारशे वर्षांपूर्वी कुणा थकलेल्या माणसाची नजर चुकून मागच्या ओळीवर गेली असेल. किंवा खिडकीशी बसलेल्या बाईंचं बोट उचललं गेलं असेल. मी तर ऐकलं तसं लिहिलं होतं. आणि पोथी पावसच्या समुद्रात होती.

ती ओळ ग्रंथात दोनदाच छापली आहे. तुमच्या हाती कधी आला तर बघा. खाली बारीक अक्षरांत टीपही आहे, तेवढी मी लिहिलेली.