साकव डाव्याचा की उजव्याचा

२ मे १९९९, रविवार, सकाळी नऊ. स्थळ: वाडीतल्या देवळाचं अंगण. हजर: वाडीचे अध्यक्ष, म्हणजे गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले आजोबा, माझे यजमान, धाकटे दीर, जाऊ, मुंबईहून सुट्टीला आलेले सातजण, बाकी प्रत्येक घरातून एक. चिटणीस मी. विषय एकच: पऱ्यावर पक्का साकव, म्हणजे पायपूल.

पऱ्या म्हणजे आमचा ओढा. तो भरला की वाडी पलीकडच्या हायस्कूलपासून तुटते. दरवर्षी आम्ही पोफळीचे ओंडके बांधून साकव घालतो आणि दरवर्षी जुलैत तो वाहून जातो. जावेची थोरली मुलगी त्या जूनमध्ये आठवीत जाणार होती.

अध्यक्ष म्हणाले, "आपली चूक काय सांगू? अख्खी वाडी एकाच निशाणीवर शिक्का मारते. मतं खिशात म्हणून तो येत नाय, नि मिळायची नाय म्हणून दुसरा फिरकत नाय. आता वाटणी करायची. प्रत्येक पक्षात आपला एक माणूस. कोण पण निवडून येवंदे, आपला माणूस अर्ज घेऊन त्याच्या दारात उभा."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, हे लिहून ठेवते.

मी देवरूखच्या कॉलेजात ग्रंथपाल. त्यामुळे पुढचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्ष म्हणाले, "तू पुस्तकांत असतेस. कोण डावा, कोण उजवा, ते आमाला मांडून दे." मी कॅलेंडरच्या पाठीवर आडवी रेघ ओढली. डाव्या टोकाला कष्टकऱ्याची मजुरी, कसणाऱ्याची जमीन, सगळं सरकारनं सांभाळावं असं म्हणणारे. उजव्या टोकाला धर्म, परंपरा, व्यापाराला मोकळीक. मध्ये दोन्हींतलं थोडं थोडं घेणारे. प्रत्येक पक्ष जागच्या जागी बसवला.

जावेनं विचारलं, "ताई, साकव बांधणारा यात कुठं बसतो?"

"तसं नसतं गं. हे विचारांचं आहे."

"मग हा तक्ताच टाका पऱ्यावर. पोर त्यावरनं तरी पलीकडे जाईल."

लोक हसले. इतिवृत्तात मी लिहिलं, 'एका सदस्येने शंका विचारली.'

मग माणसं वाटली. अध्यक्षांनी डावं टोक घेतलं, कारण ते गिरणी संपात होते आणि लाल झेंडा अजून ट्रंकेत होता. "तेवढाच खर्च वाचला." यजमानांना मध्य दिला: "मास्तर माणूस, कोणाला दुखवत नाय." दिरांना उरलेलं टोक. नावं मी सुवाच्य अक्षरात लिहिली आणि खाली पट्टीनं रेघ मारली.

त्या पावसाळ्यात तीन पक्षांचे तीन पुढारी आले. तिघांनी पऱ्याच्या काठावर तीन नारळ फोडले. निवडणुकीआधीच मधला पक्ष मधोमध फुटला. दोन्ही तुकड्यांनी एकमेकांची आयमाय काढली आणि निकालानंतर एकाच सरकारात शेजारी बसले. मी रबर घेऊन रेघ पुसत होते. शेवटी कागदाला भोक पडलं.

साकवाचे अर्ज मात्र आमच्या तिन्ही माणसांनी दिले. निवडून आलेल्या आमदाराच्या कचेरीतल्या माणसानं ते टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. "एका वाडीचे तीन अर्ज? काम कोणाच्या नावावर घालू? फलकावर फोटो कोणाचा?" एवढं बोलून त्यानं तिन्ही एकाच फायलीत घातले. ती फाईल पुन्हा कोणी उघडली नाही.

त्याची चीड येते, पण किळस येते ती घरातल्या गोष्टीची. वाटणीत मिळालेलं टोक दोघे भाऊ जन्मजात असल्यासारखे धरून बसले. दिरांनी यजमानांना "दलाल" म्हटलं, यजमानांनी त्यांना "भाट". गणपतीत एकाच मूर्तीपुढे दोन आरत्या झाल्या, दोन ताटं, दोन प्रसाद. पुढे पाचेक वर्षांनी यजमान उजवीकडे गेले आणि दीर मध्यात आले. जागा बदलल्या, तरी अबोला तोच. तेव्हा मला कळलं की माझ्या रेघेचा त्यांच्या भांडणाशी कधीच संबंध नव्हता. त्यांना फक्त उभं राहायला समोरासमोरच्या जागा हव्या होत्या, आणि त्या मी आखून दिल्या.

थोरलीची शाळा त्याच वर्षी दिवाळीआधी कायमची सुटली. साकव वाहून गेल्यावर बुडालेला जुलै-ऑगस्टचा अभ्यास भरून निघाला नाही. ती काजूच्या कारखान्यात लागली. टरफलाच्या तेलानं तिची बोटं काळी पडली. माझं पान वाढायला जाऊ मुद्दाम थोरलीलाच पुढे करायची.

आज २००७. जावेची धाकटी सातवीत आहे. जूनमध्ये आठवी, हायस्कूल पलीकडेच.

मी एकच अर्ज लिहिलाय. पक्षाचं नाव नाही, निशाणी नाही. खाली दोन सह्यांची जागा सोडली आहे, दोन्ही भावांच्या. कागद आठ दिवस देवघराच्या फळीवर आहे. दोघे रोज तिथे हात जोडतात, वेगवेगळ्या वेळी.

सह्या व्हायच्या आहेत.