मोतीच्या डोळ्यातलं फूल

बाजूचा फ्लॅश पेटला, मागचा पेटलाच नाही. कुत्रा दचकला आणि माझी एक फ्रेम वाया गेली. भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, नामदेवरावांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत मी घाम पुसत उभा होतो. कुत्रा काळाकुट्ट, आणि नाव मोती. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

काळ्या जनावराचा फोटो म्हणजे फोटोग्राफरला शिक्षाच. कॅमेऱ्यावरच्या एकट्या फ्लॅशनं काढला तर डोळे भुतासारखे चमकतात आणि बाकी अंगाचा नुसता कोळसा होतो. म्हणून फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर न्यायचे. एक बाजूला, वायरनं कॅमेऱ्याला जोडलेला. दुसरा जनावराच्या मागे, खाली लपवलेला. तो पाठीवर उजेडाची रेघ ओढतो आणि जनावर भिंतीपासून सुटं दिसतं. मागच्याला वायर नसते. त्याला स्लेव्ह नावाचा छोटा डोळा असतो. बाजूच्या फ्लॅशचा उजेड दिसला की तो मागचा फ्लॅश पेटवतो. ऐंशीच्या आगेमागे भंडाऱ्यात असं सामान फारसं कोणाकडे नव्हतं, आणि मला त्याचा गर्व होता.

दारातलं ऊन सरळ स्लेव्हवर पडत होतं, त्यात त्याला फ्लॅशचा उजेड कळत नव्हता. दार लावून घेतलं, तेव्हा दोन्ही पेटले. एक फ्रेम काढली. पण बाजूच्या उजेडात मोतीच्या बरगड्या उठून दिसणार, हे मला कळत होतं. नामदेवरावांनाही कळलं.

"भाऊ, असा वाळलेला नोका दाखवू. ती पाहीन तं म्हणन, मी त्याले उपाशी ठेवून राहिलो."

ती म्हणजे त्यांची बायको, कमलाबाई. पोटदुखीचं निमित्त झालं आणि त्या नागपूरच्या दवाखान्यात जाऊन पडल्या. डॉक्टर घरी सोडायचं नाव काढत नव्हते. मूलबाळ नव्हतं. मोतीला त्यांनीच वाढवलेलं. त्या गेल्यापासून तो भाकरीला तोंड लावत नव्हता. भेटीला गेलं की त्या आधी मोतीचं विचारायच्या, आणि नामदेवराव सांगायचे, मजेत आहे. आता त्या मजेचा फोटो हवा होता.

मी फ्लॅश समोरून घेतला आणि त्याच्यापुढे पांढरं धोतर ताणलं. उजेड मऊ झाला, बरगड्या बुजल्या. फ्लॅश चार्ज होताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. त्या आवाजानं मोतीनं कान टवकारले, आणि मी बटण दाबलं.

फोटो देखणा आला. नामदेवराव स्टुडिओत येऊन बराच वेळ बघत बसले.

"फस्क्लास. पण हे डोळ्यातलं फूल काढून टाका."

मोतीच्या डाव्या बुबुळावर पांढरा डाग होता.

"काहून? बाईंना माहीत नाही का?"

"माहीत आहे न. जातानी मले सांगून गेली, डोळ्यात औषध टाकत जा. मी एकही दिवस टाकलं नाही, भाऊ. दुकान पाहू का कुत्रा पाहू? तुमी तं नवरीच्या तोंडावरचे देवीचे वण काढता. हे काढाले काय जाते?"

खरं होतं. तेव्हा डागासकट फोटो दिला तर गिऱ्हाईक म्हणे, पैसे कशाचे घेता? मी बारीक ब्रशनं प्रिंटवर काळा रंग भरला. मागे स्टुडिओचा शिक्का मारला, त्यात फोटो काढल्याची तारीख टाकली.

काही दिवसांनी नामदेवराव परत आले. तोंड उतरलेलं.

"तिनं पाह्यलं अन् रडाले लागली. म्हणे, फूल कधी जाते का? कोणाचा कुत्रा उभा केला? मोती मेला न? किती सांगितलं, आयकतच नाही. म्हणे, नवीन फोटो काढून आणा."

"मग आणा त्याला. आत्ताच काढू."

ते तिथल्या खुर्चीवर बसले.

"आणू कुठून? काल गेला तो."

मग त्यांनीच विचारलं, "त्या दिवशीचा दुसरा नाही का एखादा?"

होता. बाजूच्या फ्लॅशची ती टाकून दिलेली फ्रेम. मान खाली, बरगड्या वर आलेल्या, डोळ्यातलं फूल स्पष्ट. मी प्रिंट काढला आणि सवयीनं शिक्का उचलला. त्यांनी माझा हात धरला.

"नोका मारू. ती मागून जुनी तारीख वाचन."

मी शिक्का ठेवून दिला.

दवाखान्यात काय झालं ते त्यांनी पुढे मला सांगितलं. कमलाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, त्या फुलावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हाच आहे माहा मोती. किती वाळला जी! दुधात भाकर कुस्करून देत जा." नामदेवराव म्हणाले, देतो. त्यानंतर बाई फार दिवस राहिल्या नाहीत. घरीही आल्या नाहीत.

म्हणजे खोट्या फोटोवरून बाईंनी अंदाज बांधला, तो चारच दिवसांत खरा ठरला. आणि ब्रश न लागलेल्या, अगदी खऱ्या फोटोनं त्यांची फसवणूक केली. ते चांगलं झालं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वाईट मात्र वाटतं.

काळ्या जनावराला फ्लॅश कसे लावायचे, असं या धंद्यातले नवे लोक विचारतात. मी सांगतो, एक समोरून कापडातून, एक मागून पाठीवर. आणि डोळ्याला ब्रश लावू नका. घरचं माणूस त्या डागावरूनच ओळखतं.