पाठ फिरवणारं पोकलेन

आमचा मामा पोकलेन चालवायचा. त्याचे हात बघून यंत्र आपोआप खोदायला शिकणार आणि मग मामा घरी बसणार, असा इंजिनिअरचा बेत होता. डूख धरण्यात मामा पटाईत. इंजिनिअरचं पांढरं हेल्मेट दिसलं, की तो केबिन गर्रकन फिरवून त्याच्याकडे पाठ करायचा. यंत्राने तेही मन लावून गिरवलं.

मालकांसमोर बिनमाणसाचं पोकलेन झकास खोदत होतं. इंजिनिअर ऐटीत पुढे आला आणि यंत्राने त्याच्याकडे पाठ फिरवली. हा पलीकडे धावला, तर पुन्हा पाठ!

संध्याकाळी इंजिनिअर आमच्या दारात. "उस्ताद, त्याची ही खोड मोडा. तुमची नोकरी राहील."

"शिकवा म्हणालात, शिकवलं. आता तुमचं तुम्ही निस्तरा!" मामाने दार लावलं.

मामीने कपाळाला हात लावला. मामा मात्र कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.