शुद्ध केलेला उतार

फाल्गुनाच्या अखेरीस समोरचा डोंगर पेटला, तेव्हा मी सानपाड्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर सायंसंध्येला बसलो होतो. मुख पश्चिमेस होते. धुराचा वास पाठीमागून आला. अर्घ्य अर्धे टाकून उठणे योग्य नव्हे, म्हणून मी बसून राहिलो. आणि वळून पाहिले तोवर ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या उतारावर ज्वाळांची वेडीवाकडी माळ वर चढत होती. ती कोणी लावली की आपोआप लागली, हे आजही मला ठाऊक नाही. ज्या अग्नीला आयुष्यभर हात जोडले, त्याला आवर म्हणून सांगण्याची रीत मात्र कोणत्याही पाठशाळेत शिकवीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकीत मी पायथ्याशी गेलो. सगळी भूमी काळी झाली होती. तेथे मला स्टेशनाबाहेर रानभाजी विकणारी बाई भेटली. ती पायथ्याच्याच गावातली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. पावसाळाभर हाच उतार तिला भाजी पुरवी. मुलाने चाळी बांधून भाड्याने दिल्या आहेत; तरी सुनेपुढे हात पसरावा लागू नये म्हणून ती टोपली घेऊन बसे. आमच्या घरी दर मृगाला तिच्याकडूनच शेवळे येत. शेवळ म्हणजे जमिनीतल्या कंदातून वर येणारा तांबूस कोंब. काकडाच्या आंबट फळांबरोबर शिजवला नाही तर घशाला खाजतो. "काकडं इसरू नका गुर्जी," ती दरवर्षी बजावी, "नायतर घसा धरल, न मंत्र बोलाया लोकांना दुसरा भट बघायला लागंल!"

त्या सकाळी मी तिला म्हणालो, "बाई, सर्वनाश झाला हो."

ती हसली. "कसला नाश? वरचा गवत जलला. खाली कांदं हायत ना! आग एकदा येते, डोंगर सोसतो. दरसाल आली का मग कोवली झाडं मरतात." काठीने राख बाजूला सारून तिने मला कुड्याचे खोड दाखवले. बुंधा करपलेला होता, पण नखाने साल खरवडताच आत ओलसर हिरवे निघाले. मी मान डोलावली. मनातून मात्र मला ते एका अशिक्षित स्त्रीचे स्वतःला दिलेले समाधान वाटले, हे येथे लिहिले पाहिजे.

वैशाखात चक्रीवादळाची शेपटी आमच्यावरून गेली. डोंगरावरचा ऐनाचा एक थोर वृक्ष मुळांसकट उन्मळून आडवा झाला. तो जेथे उभा होता तेथे मोठा खळगा पडला आणि इतकी वर्षे सावलीत असलेल्या भूमीवर ऊन आले.

आमच्या सोसायटीतील ज्येष्ठ मंडळींनी त्या उतारावर वृक्षारोपण करण्याचे ठरवले. रीतसर परवानगी मिळाली, रोपे मिळाली, आणि मुहूर्त काढून संकल्प सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मला आनंद झाला, हे नाकारत नाही. जळलेल्या भूमीची सेवा करण्याची संधी देवाने उतारवयात दिली, असे वाटले.

सेक्रेटरींनी विचारले, "गुरुजी, ते पडलेलं झाड राहू दे ना तिकडेच? उगाच खर्च."

मी म्हणालो, "नाही. दग्ध काष्ठे आणि उन्मळलेला वृक्ष जेथे पडलेला आहे, तेथे संकल्प करणे उचित नव्हे. आधी भूमिशुद्धी. वरची राखेची माती खरवडून काढा, खळगा बुजवा, सगळे समतल करा."

"मग टेन्शन नाही. जेसीबी बोलावतो. अर्ध्या दिवसात क्लीन."

त्याप्रमाणे ते अर्ध्या दिवसात झाले. ऐनाचे तुकडे ट्रकमधून गेले. त्याच्या पोकळ फांदीतून तांबट पक्ष्यांची जोडी उडाली आणि बराच वेळ यंत्रावर घिरट्या घालत राहिली. मी पंचगव्य शिंपडले, मंत्र म्हटले. वड, पिंपळ, औदुंबर, सगळी पुण्यवृक्षांची रोपे ओळीने उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती बाई त्या दिवसांत लेकीकडे उरणला गेली होती.

मृगाच्या आठवड्यात ती परतल्याचे कळले, पण स्टेशनाबाहेर दिसली नाही, म्हणून मीच तिच्या शोधात उतारावर गेलो. ती रोपांच्या ओळींमध्ये उकिडवी बसून काठीने माती उकरत होती. तिच्या पुढ्यात चार-सहा कंद पडले होते. यंत्राच्या दातांनी चिरलेले, आतून काळे पडलेले. एकाला नखाएवढा कोंब होता, तोही कुजला होता.

"कोनी खरवारला हो ह्यो?" तिने वर न पाहता विचारले.

मी गप्प राहू शकलो असतो. "मी सांगितले त्यांना," मी म्हणालो. "भूमी शुद्ध व्हावी म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिले. क्रोध नव्हता, आणि तेच सोसवेना. "आगीनं नवता खाल्ला," ती म्हणाली. "वारा आला, त्यानं पन नवता खाल्ला. तो झार पडला तवा मी बोलले, बरा झाला, त्याच्या बुडाशी अलंबी येतील, खड्ड्यात पानी राहील."

पलीकडे, घळीच्या दुसऱ्या अंगाला, जेथे आम्ही पोहोचलो नव्हतो, तोही उतार त्याच आगीत जळाला होता. तेथे करपलेल्या बुंध्यांना पालवी फुटली होती, आणि राखेतून शेवळांचे तांबूस कोंब इतके दाट वर आले होते की मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मी आशेने म्हणालो, "बाई, तिकडून घ्या की. किती आले आहेत!"

"ता माझा नाय." गावातल्या बायांनी हा डोंगर घळीघळीने वाटून घेतलेला आहे, आईकडून लेकीकडे किंवा सुनेकडे वाटा जातो आणि दुसरीच्या वाट्यातले कोणी पान तोडत नाही, हे मला त्या दिवशी कळले. कागदावर याची कोठेही नोंद नाही. तिने टोपली झटकली. "सासूचा वाटा होता ह्यो माझा. तिकडं गेले तर त्या काय बोलतील? न त्या नाय बोलल्या तरी मी कशी जाऊ?"

"पुढच्या वर्षी येतील का येथे?"

"कांदंच नाय, तर कशाला येतील?"

घरी येऊन मी स्नान केले व देवापुढे बसलो, जप होईना. भूमी कशाने शुद्ध होते, हे लहानपणी गुरुजींनी आम्हांकडून घोकून घेतले होते: झाडण्याने, सारवण्याने, शिंपण्याने, खणण्याने, गाईंच्या पावलांनी. त्या यादीत दाह होता आणि काळही होता. साठ वर्षे मी ती यादी स्वतः म्हटली, इतरांना शिकवली. ती भूमी अग्नीने आधीच शुद्ध केली होती आणि पुढचे काम काळाकडे होते. मला केवळ थांबायचे होते.

आषाढात मी सेक्रेटरींना गाठून म्हणालो, काही रोपे काढून ती जागा मोकळी सोडता येईल का? ते चकित झाले. "गुरुजी, तुम्हीच पूजा केलीत ना! आता झाडं काढली तर पेपरात येईल." त्यांचे बरोबर होते. आणि रोपे काढूनही कंद येणार नव्हते. दोन रविवार मी पिशवीतून पलीकडचे कंद आणून येथे लावावेत असा विचार करीत राहिलो. पण ते दुसरीच्या वाट्यातले, आणि त्या दुसरीला विचारायला गेलो तर या बाईचा वाटा गेल्याची गोष्ट चव्हाट्यावर येणार. गेलो नाही.

श्रावणात ती पुन्हा स्टेशनाबाहेर दिसली. टोपलीत मेथी होती, कोथिंबीर होती, प्लास्टिकच्या दोरीने बांधलेल्या सारख्या आकाराच्या जुड्या.

"कोठून आणता?" मी विचारले, जरी उत्तर समोर दिसत होते.

"एपीएमसी मार्केटातून. पहाटं नातू गाडीवर घेऊन जातो, त्याचा उपकार." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून तीच म्हणाली, "गुर्जी, तोंड कशाला पारता? ताजी हाय. पन औषध मारल्याली असते, दोन पान्यात धुवा."

मी दोन जुड्या घेतल्या. तिने त्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.