अँथनी अंकलची शेवटची तक्रार

बोलण्याआधी क्षणभर थांबायचे. आधीच कोणी बोलत नाही ना, ते ऐकायचे. टेबलावरचे घड्याळ साडेपाच तास मागे ठेवायचे, कारण जगभरचे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, एकच वेळ पाळतात. माइकजवळ आले की गुणगुणणे बंद, हवेवर संगीत चालत नाही. आणि लाल वहीत इतरांचे गुन्हे लिहायचे, तारीख-वेळेसकट.

हे सगळे नियम पाळणारे अँथनी डिमेलो, वय बहात्तर. विमानतळावर वायरलेस दुरुस्त करून निवृत्त झालेले. मरोळ गावठाणातलं त्यांचं घर पाडून सात मजली इमारत झाली, तेव्हा त्यांनी बिल्डरकडे एकच जास्तीची गोष्ट मागितली. गच्चीवर अँटेनाला जागा.

मी खालच्या मजल्यावर राहते. एम.ए. करून घरी बसले होते. हॅम रेडिओच्या परीक्षेसाठी तेच मला शिकवत.

"सेटबद्दल बोल, हवामानाबद्दल बोल, स्वतःच्या तब्येतीबद्दल बोल. धंदा नाही, गाणं नाही, शिवी नाही, राजकारण नाही. तिसऱ्याचा निरोप पोचवायचा नाही. पूर आला, माणूस अडकला, तर गोष्ट वेगळी."

मुलुंडच्या अनंतने एकदा हवेवर जुनी बॅटरी विकायला काढली. अंकलनी थेट सरकारकडे तक्रार पाठवली. अनंतला लेखी खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून सगळे हॅम अंकलना 'हवेचा वॉचमन' म्हणत. प्रेमाने नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी जयवंत या हॅमहून वाईट.

"तुमच्या त्या काठीमुळे माझ्या आईचं बीपी वाढतं."

"तुझ्या बोलण्यामुळे वाढत असेल रे."

अँटेना काढण्याचा ठराव रविवारच्या सभेत येणार होता.

"काढली तर काय कराल?" मी विचारलं.

"काय करणार? मग मी नुसता फ्लॅटमधला एक म्हातारा."

चार-पाच परवानाधारक हॅम सभेत आले असते, अँटेनाने कोणाचं काही बिघडत नाही हे सांगितलं असतं, तर लोकांनी ऐकलं असतं. मी म्हटलं, बोलवा ना त्यांना. अंकलनी कोणालाच बोलावलं नाही. स्वतःसाठी मदत मागायला नियमाची मनाई नव्हती. स्वभावाची होती.

गुरुवारी सकाळी मी अंकलकडे शिकायला बसले होते; मुंबईभरचे हॅम रोजच्यासारखे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमले होते. बेल वाजली, अंकल उघडायला गेले. जयवंत सभेची नोटीस घेऊन आला होता. दारात भांडण जुंपलं. सेट चालू होता. मी माइकचं बटण दाबलं. माझ्याकडे परवाना नव्हता.

"अँथनी अंकलबद्दल निरोप आहे. रविवारी दहाला मरोळला या. त्यांची अँटेना वाचवा. प्लीज."

आधी नुसती खरखर. मग अनंतचा आवाज.

"कोण बोलतंय? लायसन्स आहे का? तिसऱ्याचा निरोप चालत नाही, मॅडम. वेळ लिहून घेतली आहे. सांगा तुमच्या वॉचमनला."

कोणीतरी हसलं. मग दुसरा.

मी वळले. अंकल मागे उभे होते, हातात नोटीस. त्यांनी माइक घेतला. आपला कॉलसाइन, परवान्यावरची ओळखखूण, सांगितला.

"अनंत बरोबर बोलतोय. चूक माझ्या स्टेशनची. बंद करतोय."

त्यांनी खटका खाली केला.

"अंकल, तो सूड घेतोय!"

"घेऊ दे. नियम काही त्याने बनवला नाही."

"सांगा ना, तुम्हाला माहीत नव्हतं."

"माझ्या सेटवरून गेलं ते माझं. घरी जा, प्रांजल."

त्यानंतर त्यांनी मला दार उघडलं नाही.

शनिवारी दुपारी ते गेले. हृदयविकार.

रविवारी सभा झालीच. सगळे दोन मिनिटं उभे राहिले. मग बसले आणि ठराव मंजूर केला. जयवंतने वर आलेले हात मोजलेसुद्धा नाहीत. अँटेना चार वाजेपर्यंत खाली आली. हॅम एकही फिरकला नाही.

लाल वही त्यांच्या मुलीने, ॲश्लीने, माझ्याकडे दिली. शेवटच्या पानावर तक्रार. तारीख, साडेपाच तास मागची वेळ, फ्रिक्वेन्सी. कॉलसाइन त्यांचाच. गुन्हे दोन: तिसऱ्याचा निरोप, विनापरवाना व्यक्तीने सेट वापरणे. जबाबदार: 'मी स्वतः, अँथनी डिमेलो'.

त्याखाली एक ओळ. 'बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव'.

पुढे शाईचा मोठा ठिपका. पेन बराच वेळ तिथे टेकून राहिलं असावं.

त्यापुढे काही नाही.