वेगाच्या भिंतीवरची कोरी जागा

सकाळी सहाच्या बसने लातूर सोडलं तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर पाच कामं लिहिलेली होती. एक, उदगीरला बस बदलणे. दोन, भालकीला बदलणे. तीन, हुमनाबाद. चार, दुपारच्या जेवणाआधी दुबलगुंडी गाठणे. पाच, मामांकडून आकडा घेणे. पाचवं काम दोन मिनिटांचं, असं मी धरून चालले होते.

आकड्याची हकीकत अशी. माझे धाकटे मामा, लक्ष्मणमामा, बिदरच्या हवाई तळावर जेट विमानांच्या इंजिनांचे फिटर होते. निवृत्त होऊन दुबलगुंडीला शेती बघू लागले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांची सून सुजाता गावातल्या मराठी शाळेत शिकवते. तिने शाळेच्या लांब भिंतीवर वेगाची चित्रं रंगवून घ्यायला सुरुवात केली होती. आधी गोगलगाय, मग बैलगाडी, बस, चित्ता, रेल्वे, प्रवासी विमान, आवाज, लढाऊ विमान आणि अगदी टोकाला अंतराळातून परत येणारी कुपी. प्रत्येक चित्राखाली ताशी किती किलोमीटर तो आकडा. लढाऊ विमानाखाली मात्र एक ओळ जास्तीची होती: ‘आपल्या गावच्या लक्ष्मणअप्पांनी अनुभवलेला वेग, ताशी’ आणि पुढे कोरी जागा.

“ताई, मामा आकडाच सांगंनात,” सुजाता फोनवर म्हणाली होती. “विचारलं की रानात जातात. पेंटर रविवारी दुसऱ्या गावाला जायलाय. सोमवारी सगळं गाव भिंत बघायला येणाराय. तुमचं ते ऐकतील.”

उदगीरच्या पुढे शेजारी एक तिशीचा गृहस्थ बसला. भालकीचा, आखातात नोकरी करणारा, महिन्याच्या सुटीवर आलेला. आकड्यांचा विषय डोक्यात होताच, म्हणून मी त्यालाही विचारलं, विमानात सर्वांत जास्त वेग किती पाहिलात?

“एक हजार साठ,” तो लगेच म्हणाला. “येताना. समोर टीव्ही अस्तो की अक्का, त्याच्यात दाखिवतेत. माझ्या बाजूचा बोलला, पाठीमागनं वारं हाय म्हणून.”

“भीती वाटली?”

“कशाची? कपातला चाय बी हलंना गेला.” मग हसून म्हणाला, “भीती ह्या बसमधी वाटायलीय.”

माझा आकडा नऊशे बारा. दिल्लीहून येताना समोरच्या पडद्यावर दिसला होता आणि तेव्हा मी सँडविचचा कागद सोडवत होते. दोघांचे आकडे वहीत लिहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी माती आणि पिवळ्या फुलांवर आलेली तूर होती, आणि आमची बस खड्ड्यांतून ताशी तीसने चालली होती.

भालकीला माझी फजिती झाली. कन्नड पाट्या मला वाचता येत नाहीत. गर्दीच्या मागे मागे मी बसमध्ये चढले आणि गाव संपल्यावर कंडक्टर म्हणाले, “अक्का, ही बसवकल्याणला जायलीय. कामून बसलाव?” उतरून दीड-दोन किलोमीटर उन्हात परत चालले. स्टँडबाहेर एका बाईंकडे सुसला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ) आणि मिरचीभजी खाल्ली. दुपारच्या जेवणाची वेळ चुकली ती चुकलीच.

दुबलगुंडीला पोहोचले तर मामा जेवायचे थांबले होते. ज्वारीची कडक भाकरी, पुंडी (अंबाडीची पालेभाजी), शेंगदाण्याची चटणी, वर कच्चं तेल. मामांचं वय आता पंचाहत्तरीला आलेलं, पण पाठ ताठ. आम्ही जेवत असताना वरून एक जेट गेलं. मामांचा घास तोंडातच थांबला. आवाज विरेपर्यंत घरात कुणी बोललं नाही. या घराची ती सवयच आहे.

“शिकायलेलं पोरगं हाय,” मामा म्हणाले. “हात जड हाय त्येचा.”

“आवाजावरून कळतं?”

“त्येच्यावरनंच कळतं.”

संधी बरी वाटली. मी वही काढली. “मामा, मग तुमचा आकडा सांगून टाका. पेंटर खोळंबलाय.”

त्यांनी ताटातच हात धुतला. “शोभा, तू चिंताकीला जाऊन ये. नरसिंग हाय तिथं. त्येला इचार.”

“तुमचा वेग त्यांना काय विचारायचा?”

“त्येला इचार म्हणलो की,” एवढंच बोलून मामा उठले. कुठल्या विमानाचा कुठला भाग कुठल्या वर्षी बदलला हे सांगणारा माणूस स्वतःचा आकडा दुसऱ्या गावी विचारायला पाठवतो, हे मला पटेना. पण वहीत सहावं काम लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बिदर, तिथून औरादची गाडी. बिदरजवळ माती एकदम तांबडी होते, इमारतींचे दगडसुद्धा तांबडे, जाळीदार. मांजरा नदी ओलांडल्यावर पुन्हा काळी जमीन. वाटेत मी सुजाताने दिलेला कागद वाचला. भिंतीसाठी तिने गोळा केलेली माहिती त्यात होती. आवाज हवेत ताशी बाराशे किलोमीटरच्या आसपास जातो. त्याच्या दुपटीने प्रवासी नेणारी विमानं एके काळी होती, आता ती उडत नाहीत. विमानात बसून माणसाने गाठलेला सर्वांत मोठा वेग ताशी सात हजारांच्याही वर आहे, एका रॉकेट-विमानात, आणि त्यालाही पन्नासहून जास्त वर्षं झाली. आत बसलेल्या माणसाला नुसता वेग जाणवत नाही. वेग बदलला, वळला, तरच अंगाला कळतं. सरळ जाताना ताशी शंभर काय आणि हजार काय, शरीराला दोन्ही सारखेच.

चिंताकीत नरसिंगअण्णांचं घर शोधावं लागलं नाही. विमानवाले अण्णा म्हटल्यावर दोघांनी हात दाखवला. हे मामांचे तळावरचे सोबती. मामा इंजिन बघायचे, हे विमानाचा सांगाडा. घरात तेलुगू चालली होती, माझ्याशी मराठी.

“लक्ष्मणनं पाठीवला? स्वतः?” त्यांनी दोनदा विचारलं. मग खुर्ची पुढे ओढली. “आकडा पायजे ना? लिही. सुन्ना.”

“सुन्ना म्हणजे?”

“शून्य. लक्ष्मण कधी उडलाच न्हाई.”

अण्णांनी आतून पाणी मागवलं आणि सांगायला लागले.

“सायबांची एक रीत हुती. वर्षभर ज्येचं काम चांगलं, त्या एका फिटरला दोन सीटच्या इमानात मागं बसवून एक चक्कर. त्या वर्षी लक्ष्मणचा नंबर आला. पट्टे मी बांधलो त्येचे, ह्या हातानं. इंजिन चालू झालं. आनि ह्यानं हात वर केला. खाली उतरला. म्हनला, इंजिनाचा आवाज बराबर न्हाई, उडवू नका.”

“इंजिन कुणी तपासलं होतं?”

“त्यानंच की! आदल्या दिवशी. कागदावर सही त्येचीच. सायेब म्हनले, अरे, तूच पास केलास ना? ह्यो म्हनला, व्हय, म्याच केलो. तरी उडवू नका.”

“मग?”

“मग दोन दिवस खोलून बघितले. काय बी निघंना. तिसऱ्या दिशी तेच इमान उडलं, फिरून आलं. झकास.” अण्णा थांबले. “आमी लै हसलो. मीच पयला हसलो. म्हनलो, लक्ष्मण्या, आवाज इंजिनाचा हुता का तुज्या पोटाचा? ते वाक्य दोन वर्षं चाललं मेसमधी. त्यो कधी उलटून बोलला न्हाई. आनि परत नंबर बी आला न्हाई.”

“पण गावात तर सगळे म्हणतात...”

“त्यानं न्हाई सांगितलं! त्येच्या सत्काराला मी गेल्तो. बोलनारा बोलला, आपले लक्ष्मणअप्पा आवाजाच्या वेगानं उडले. टाळ्या पडल्या. इमानाजवळ काम केलं म्हंजी उडलंच आसंल, अशी गावाची समज. मी लक्ष्मणकडं बघितलो. त्यो गळ्यातल्या हाराकडं बघत बसला.”

निघताना अण्णा रस्त्यापर्यंत आले. “भिंत सोमवारी म्हनलीस ना?” एवढंच विचारलं.

परतीच्या बसमध्ये मी नेहमीसारखी मांडणी केली. मार्ग तीन होते. ती ओळच पुसून टाकायची. किंवा विमानाचा स्वतःचा वेग लिहून मोकळं व्हायचं, तो काही खोटा नसतो. किंवा खरं लिहायचं. दुसरा मार्ग मला सोयीचा वाटला. मामांची अब्रू, सुजाताची भिंत, पेंटरचा रविवार, सगळं सांभाळलं जात होतं.

मामा फाट्यावरच उभे होते. ऊन उतरलं होतं. आम्ही तुरीच्या कडेने गावाकडे चालू लागलो.

“सांगितला?”

“सांगितलं.”

“मला तोंडानं यीना, शोभा. सुजाताला तर न्हाईच. पोरगी चार जागी माझं नाव सांगती.”

मी तिन्ही मार्ग सांगितले. दुसऱ्यावर जरा जोर दिला. मामांनी नीट ऐकून घेतलं, आणि मग मला राहवेना म्हणून मी विचारलं, “मामा, आवाज खरंच वेगळा होता?”

ते बांधावर टेकले. “त्या दिशी खात्री हुती. इंजिन खोलताना बी हुती. काय निघंना तवा कमी झाली. नरसिंग हसला तवा अजून कमी झाली. आता वाटतंय, भ्यालो आसंल. आनि कधी वर जेट गेलं की वाटतंय, न्हाई, हुता.” त्यांनी पायाखालचं ढेकूळ फोडलं. “चाळीस वर्षं झाली. निकाल लागंना.”

“मग विमानाचा वेग लिहू या?”

“त्यो इमानाचा हाय. माझा न्हाई.”

रविवारी सकाळी आम्ही तिघं शाळेत गेलो. इस्माईल पेंटर चित्त्याच्या ठिपक्यांवर शेवटचा हात फिरवत होते. मामांनी सुजाताला भिंतीसमोर उभं करून सगळं सांगितलं, अण्णांनी मला सांगितलं त्याहून कमी शब्दांत. सुजाताने ओढणी खांद्यावर सारखी केली, पुन्हा एकदा केली.

“मामा, मी वर्गात किती येळा सांगितलंय ओ. सगळ्या पोरांना.”

“व्हय. आता हे बी सांग.”

ती रागावली होती का, मला सांगता येणार नाही. मग ती पेंटरकडे वळली. “इस्माईलभाई, ताशी शून्य लिवा.”

इस्माईल पेंटरनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. “हमसे नै होता. मामाके नाम के आगे शून्य? गाव क्या बोलेगा? मेरे को बोलेगा, इस्माईल ने लिख्या.”

“लिही रे बाबा,” मामा म्हणाले.

“नै मामा. दूसरा कुछ भी बोलो.”

मामांनी ब्रश उचलला. विमानांच्या शेपटीखाली हात घालून आयुष्य काढलेला तो हात अजून स्थिर होता, पण रंगाची सवय नव्हती. त्यांनी कोऱ्या जागेत शून्य काढलं. एका बाजूने फुगलेलं, आणि खालून रंगाचा ओघळ सुटला.

“रुको, रुको, ओघळ आयलाय!” पेंटर धावले. चिंधीने ओघळ टिपला, मामांच्या हातून ब्रश घेतला आणि शून्याचा गोल सारखा करत बसले. “ऐसा करते क्या? पतला हाथ रखना पडता.”

मामांनी खाली आणखी एक ओळ सांगितली: ‘इंजिनाचा आवाज बरोबर वाटला नाही, म्हणून उतरले.’ ती पेंटरनी न कुरकुरता लिहिली.

दुपारी मी निघाले. या वेळी भालकीला दोघांना विचारून मगच बसमध्ये चढले. खिडकीशी बसून वहीतले आकडे पाहिले. एक हजार साठ आणि नऊशे बारा. दोन्ही खरे, पण त्यांत आमचं काहीच नव्हतं. पट्टा बांधून बसलो आणि पडद्यावर दिसलं ते वाचलं, इतकंच. मामांना मात्र स्वतःच्या सहीविरुद्ध हात वर करावा लागला होता, तेही चालू इंजिनावर, सगळे बघत असताना. मी त्यांना दुसरा मार्ग सुचवला होता याची मला त्या बसमध्ये लाज वाटली.

सोमवारी संध्याकाळी सुजाताचा फोन आला. गाव आलं होतं. शून्यापाशी आल्यावर कुणीतरी मागून हसलं. तेवढ्यात चिंताकीहून इस्त्रीचा सदरा घालून आलेले नरसिंगअण्णा पुढे झाले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

“हसू नका,” ते म्हणाले म्हणे. “मी हसलो हुतो. पट्टे बांधनारा मीच, आनि पयला हसनारा बी मीच. त्येची माफी मागायला आलोय.”

“आणि मामा?” मी विचारलं.

“ताई, मामांनीच अण्णांना खुर्ची आणून दिली. आता दोघं अंगणात बसलेत. अण्णांची शेवटची बस गेली, तरी मामा त्यांना उठू देईनात.”